सुट्टीतले समुद्राचे फोटो दर वेळी तसेच का फसतात? आधी सगळे एकत्र पसरून बघा

सुट्टीवरून आलं की प्रत्येकाकडे समुद्राचे ढीगभर फोटो असतात, त्यातले चारपाच निवडून आपण कुणाला तरी दाखवतो आणि म्हणतो सांगा कसे आलेत, आणि उत्तरं ठरलेली असतात. क्षितिज वाकडंय. आकाश जळलंय, म्हणजे कोरं पांढरं आलंय. समुद्र राखाडी आलाय. सगळं ठीक आहे पण बघायचं काय? पुढच्या सुट्टीत परत तेच फोटो, परत तीच उत्तरं, आणि मग माणूस ठरवतो की आता कॅमेराच बदलायचा. बदला की, पण चुका बहुतेक तुमच्याबरोबर नव्या कॅमेऱ्यात जातील.

माझं म्हणणं एवढंच आहे की परत परत होणारी चूक एका फोटोवरून सापडत नाही. एक फोटो बघून फक्त लक्षण कळतं. कारण कळायला त्या ट्रिपचे सगळे फोटो एकत्र बघावे लागतात, फसलेले धरून, खरं तर फसलेलेच जास्त. म्हणून पहिलं काम म्हणजे परत आल्या आल्या वाईट फोटो उडवू नका. सगळे एका फोल्डरमध्ये टाका, वेळेप्रमाणे लावा, थंबनेल बारीक करा आणि नुसती नजर फिरवा. ती चूक सगळ्याच फोटोंत असेल तर गडबड हातात, सवयीत, एखाद्या सेटिंगमध्ये नाहीतर सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चिपवर) आहे. एका ठराविक वेळेनंतर सुरू झाली असेल तर लेन्सवर काहीतरी बसलंय किंवा उजेड बदललाय. आणि एकाच फोटोत असेल तर तो त्या फोटोचा प्रश्न, त्यावर डोकं खाजवत बसू नका, पुढे चला.

आता क्षितिजापासून सुरू करू कारण सगळ्यात जास्त बोलणी यावरच खावी लागतात. थंबनेलमध्ये बघा, क्षितिज दर वेळी एकाच बाजूला कलतंय का? बहुतेकांचं तसंच असतं. शटर दाबताना बोटाबरोबर कॅमेराची ती बाजू खाली जाते, किंवा फोन एका हातात धरून अंगठ्याने बटण दाबलं जातं आणि फोन मनगटाबरोबर फिरतो, आणि हे इतकं सवयीचं असतं की आपल्याला जाणवतच नाही. यावर उपाय म्हणजे दोन्ही हात वापरा, बटणाऐवजी दोन सेकंदाचा टायमर लावा, आणि कॅमेऱ्यात किंवा फोनमध्ये ग्रिड आणि लेव्हल चालू करून ठेवा, आजकाल बहुतेकांत असतं, फक्त सेटिंगमध्ये बंद पडलेलं असतं.

कधी डावीकडे कधी उजवीकडे कलत असेल तर कारण वेगळं. तेव्हा किनाऱ्याची रेघ तुम्हाला फसवतेय. पाण्याची कड फोटोत तिरकी जात असते, वाळूला उतार असतो, एका बाजूला उंच कडा असतो, आणि डोळा नकळत त्या तिरक्या रेघेशी तडजोड करून कॅमेरा थोडा फिरवतो. किनारा डावीकडे गेला की कल एकीकडे, उजवीकडे गेला की दुसरीकडे. इथे नजर फक्त एकाच ठिकाणी ठेवायची, जिथे उघडा समुद्र आकाशाला टेकतो तिथे. आणि हे नीट लक्षात घ्या की समोर खाडी असेल किंवा पलीकडचा किनारा दिसत असेल तर ती पाण्याची रेघ सपाट असेलच असं नाही, तो किनारा तिरका लांब जात असेल तर फोटोतही ती रेघ तिरकीच येणार आणि तेच बरोबर आहे. लोक अशा फोटोतही ती रेघ ओढून सरळ करतात आणि मग घरं, झाडं, होडीची डोलकाठी सगळं पडायला आलेलं दिसतं. अशा वेळी उभ्या गोष्टी बघून सरळ करा.

"एडिटमध्ये सरळ करू की" हे ठीकच आहे, पण फुकट नाही. २ अंशांचा कल म्हणजे ६००० पिक्सेल रुंद फोटोत या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण २१० पिक्सेलचा फरक, आणि ३:२ चा फोटो तेवढा फिरवून कोपरे कापले की जवळपास १० टक्के फोटो जातो. त्या १० टक्क्यांत कडेला बसवलेला खडक किंवा होडीचं टोक असतं नेमकं. म्हणून फ्रेम करतानाच कडेला थोडी जागा सोडलेली बरी.

वाकडं नाही पण वाकलेलं क्षितिज ही अजून एक भानगड. मधे फुगलेलं किंवा मधे दबलेलं. पृथ्वी गोल आहे म्हणून असं होतं असं म्हणणारा प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी असतो, त्याला सांगा की वाळूवर उभ्या माणसाला क्षितिज जेमतेम साडेचार-पावणेपाच किलोमीटरवर असतं, तेवढ्या उंचीवरून ती गोलाई फोटोत दिसत नाही. हे वाइड लेन्सचं काम आहे, क्षितिज फ्रेमच्या वरच्या किंवा खालच्या कडेजवळ ठेवलं की जास्त वाकतं, मधल्या रेघेजवळ आणलं की सरळ होतं. एडिटिंग ॲपमध्ये लेन्स करेक्शनचं बटण असतं ते आधी दाबा, मग फिरवा, उलट क्रमाने केलंत तर दोनदा क्रॉप कराल.

आता जळलेलं आकाश. हा प्रश्न फोटोग्राफीइतकाच जुना आहे. १८५० च्या दशकात ग्युस्ताव ल ग्रे नावाचा फ्रेंच फोटोग्राफर समुद्राचे फोटो काढायचा, तेव्हाच्या काचेच्या प्लेटा निळ्या उजेडाला फार संवेदनशील, त्यामुळे समुद्र नीट आला की आकाश कोरं पांढरं यायचं. मग पठ्ठ्याने काही फोटोंत समुद्र एका निगेटिव्हवर, आकाश दुसऱ्यावर घेतलं आणि प्रिंट करताना क्षितिजाच्या रेघेवर दोन्ही जोडली. आज तुमचा फोन एचडीआर (उजळ आणि गडद असे अनेक फोटो आपोआप जोडणं) म्हणून गुपचूप याच जातीचं काम करतो, तेव्हा "एडिट केलेला फोटो खोटा" वगैरे वाद घालणाऱ्यांनी थोडं दमाने घ्यावं.

तर थंबनेलमध्ये बघा: आकाश कुठल्या फोटोंत जळलंय? फोटोत काळे खडक किंवा झाडीची सावली जास्त असेल तेव्हाच जळत असेल तर मीटर तुम्हाला फसवतोय. कॅमेऱ्याचा मीटर समोर दिसेल त्याची सरासरी काढून ती मधल्या करड्या रंगावर आणायला बघतो. खडक जास्त, तर तो फोटो उजळ करतो आणि आकाश गेलं. उलट पांढरी वाळू आणि फेस जास्त असला तर तो फोटो काळवंडवतो, वाळू सिमेंटसारखी दिसते. म्हणजे "आकाश जळलं" आणि "वाळू मळकट आली" या दोन तक्रारी एकाच कारणाच्या आहेत, फक्त उलट्या दिशेने. उजळ वाळूवर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायचं +/− चं सेटिंग) +०.७ ते +१ करा, काळ्या खडकांत ते शून्याखाली घ्या, फोनवर असाल तर आकाशाच्या उजळ भागावर बोट ठेवून लॉक करा आणि मग हवं तेवढं वरखाली ओढा. मात्र किती हे स्क्रीनकडे बघून ठरवू नका, भर उन्हात स्क्रीन काहीही दाखवते, हिस्टोग्राम बघा, म्हणजे फोटोत काळं ते पांढरं किती आहे याचा आलेख, पांढरं उजवीकडे. उजवी कड भिंतीला आपटली असेल तर तिथला तपशील गेला. सूर्य स्वतः फ्रेममध्ये असेल तर तो जळणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, त्याच्या आजूबाजूचे ढग वाचले की झालं.

आणि सगळ्याच फोटोंत आकाश जळत असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन कधीतरी +१ वर नेलं आणि तिथेच राहिलं असं बऱ्याच वेळा निघतं. बघून घ्या. नसेल तर वेळ बघा, सगळे फोटो दुपारचेच आहेत का, किंवा सूर्य कायम समोर आहे का. रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढत असाल तर सावल्या उचलता येतात पण पूर्ण जळलेलं परत येत नाही, त्यामुळे थोडं काळं चालेल, जळलेलं नको. कॅमेरा हलणार नसेल तर −२, ०, +२ अशी तीन एक्स्पोजर घेऊन जोडता येतात, फक्त लाट तिन्ही फोटोंत वेगळ्या जागी असते आणि जोडल्यावर भुतासारखी दोनदा दिसते. मग पाणी एकाच एक्स्पोजरमधून घ्यायचं आणि आकाश दुसऱ्यातून. परत ल ग्रे.

समुद्र राखाडी. यात खरं सांगायचं तर निम्म्या वेळा तुमची काहीच चूक नसते. समुद्राच्या पृष्ठभागावर आकाश दिसतं, आणि ढग दाटलेले असतील तर समुद्र राखाडीच असतो, कितीही सॅच्युरेशन ओढा, त्यातून निळा निघत नाही, निघतो तो टूथपेस्टचा रंग. असा दिवस असेल तर रंगाचा नाद सोडा आणि फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, लाटांचा पोत, ढगांचे थर, ओल्या खडकाची चमक यात छान येते.

पण निरभ्र दिवशीही राखाडी येत असेल तर दोन गोष्टी तपासा. एक म्हणजे पाण्यावरची चकाकी, ती पोलरायझरने (लेन्सपुढे लावायच्या फिरत्या फिल्टरने) कमी होते, सूर्य तुमच्या खांद्याच्या बाजूला असेल तेव्हा आकाशावर त्याचा परिणाम सगळ्यात जास्त, आणि पाण्याकडे साधारण ३७ अंश खाली बघत असाल तेव्हा चकाकी सगळ्यात जास्त कापली जाते. तो एक-दोन स्टॉप, म्हणजे निम्मा ते पाऊण, उजेड खातो हे धरून चला. आणि फार वाइड लेन्सवर लावलात तर आकाशात एकीकडे गडद निळा डाग येतो, तो पुढे एडिटमध्ये काढता काढता जीव जातो. पूर्ण फिरवून सगळी चकाकी मारूही नका, पाणी मेल्यासारखं दिसतं. दुसरं म्हणजे दमट हवा आणि हवेतले मिठाचे कण, लांबचा डोंगर झूम करून घेतला की मधली सगळी धूसर हवा त्या फोटोत येते. याला पोलरायझरचाही फार उपयोग नाही, एडिटमधला धूसरपणा कमी करणारा डीहेझचा स्लायडर १० ते २० पर्यंत ठीक, त्यापुढे आकाश घाण होतं. जवळ जा, किंवा सकाळी लवकर हवा साफ असेल तेव्हा परत या.

सूर्यास्ताचे फोटो फिके येतात त्याचं कारण बहुतेक वेळा ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने उजेडाची रंगछटा आपोआप जुळवणं), तो पिवळसर उजेडाला "दुरुस्त" करून टाकतो. डेलाइटवर, म्हणजे ५२०० ते ५५०० केल्विनच्या आसपास ठेवा आणि विसरून जा.

आता मऊ, धूसर, न टोकदार फोटो. "शार्प नाहीये" असं कुणी म्हणालं की लोक लगेच लेन्सला शिव्या घालतात. इथेच पसरून बघण्याचा सगळ्यात जास्त फायदा होतो. दिवसाची पहिली दहा मिनिटं सगळं धुक्यातल्यासारखं आणि मग आपोआप साफ? एसी खोलीतून गार कॅमेरा दमट हवेत आणला, लेन्सवर वाफ धरली. कॅमेरा बंद बॅगेतच अर्धा तास बाहेर ठेवा आणि मग काढा, पुसत बसू नका, पुसलं की परत धरते. उलट सुरुवातीचे साफ आणि हळूहळू धूसर होत गेलेले? खारे तुषार. लाटेपासून बऱ्याच अंतरावर उभं असलं तरी वारा आपल्याकडे येत असेल तर ते बसतात, वाळून मीठ होतं, आणि सूर्य समोर आला की फोटोत चकाकणारे गोल डाग दिसतात. शर्टाच्या टोकाने पुसू नका! मिठाचे खडे आणि वाळूचे कण लेन्सवर घासले जातात. आधी ब्लोअरने फुंका, मग गोड्या पाण्याने किंचित ओलं केलेलं लेन्सचं कापड हलकं फिरवा, मग कोरडं. फोनवाल्यांसाठी अजून एक: उजेडाच्या ठिपक्यापासून एकाच दिशेने रेघ ओढल्यासारखी दिसत असेल तर लेन्सवर सनस्क्रीन लावलेलं बोट फिरलंय. समुद्रावरच्या फोनच्या फोटोंत हे इतकं दिसतं की फोटो बघायच्या आधीच विचारावं, काच पुसली होती का.

संध्याकाळचेच फोटो हललेले असतील तर शटर स्पीड कमी पडतोय, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं राहतंय, हे सोपं आहे. ट्रायपॉडवर असूनही हलले तर ट्रायपॉड ओल्या वाळूत खचतोय. लाट परत जाताना पायांखालची वाळू घेऊन जाते आणि ट्रायपॉड मिलिमीटर मिलिमीटर बसत जातो, तीस सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये तेवढं पुरतं. पाय जोर लावून खोल रोवा, दोनतीन लाटा जाऊ द्या, पायाभोवती पाणी फिरत असताना शटर उघडू नका, आणि लेव्हल परत बघा कारण खचला की क्षितिजही कललेलं असतं. घरी आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवा.

भर उजेडात, ट्रायपॉडवर, साफ लेन्सने काढलेला फोटोही सगळीकडे सारखाच मऊ असेल तर ॲपर्चर (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा मोठा तेवढं ते बारीक) बघा. "लँडस्केप आहे म्हणून एफ/२२" हा सल्ला कुणी पसरवला देव जाणे. इतक्या बारीक छिद्रातून उजेड जाताना पसरतो आणि फोटो मऊ होतो, एफ/८ ते एफ/११ मध्ये बहुतेक लेन्स खूश असतात. एफ/२२ ने अजून एक होतं, सेन्सरवरची धूळ ठळक दिसायला लागते. आकाशात काळपट गोल ठिपके, आणि पसरून बघितलं तर प्रत्येक फोटोत त्याच जागी. पक्षी असता तर हलला असता. खात्री करायची तर एफ/१६ वर नुसत्या आकाशाचा एक फोटो काढा आणि मोठा करून बघा. साफ करायची हिंमत नसेल तर करून घ्या, पण किनाऱ्यावर वाऱ्यात लेन्स बदलणं आधी बंद करा.

लाटांच्या शटर स्पीडबद्दल थोडक्यात. उडणारे तुषार गोठवायचे तर १/१००० च्या आसपास, परत जाणाऱ्या पाण्याच्या रेषा हव्या तर १/४ ते १ सेकंद, दुधासारखं पाणी हवं तर १० ते ३० सेकंद. ऑटोवर सोडलं तर कमी उजेडात कॅमेरा १/३० वगैरे निवडतो आणि त्यात लाट ना गोठते ना वाहते, नुसती पुसलेली दिसते. दुधाळ पाणी मला स्वतःला आता बघवत नाही, पण ज्याची त्याची आवड.

"बघायचं काय?" याचं उत्तर द्यायला सगळ्यात अवघड. जाणकार लगेच सांगतात फोरग्राउंडला दगड घ्या. त्यामुळे आता सगळ्यांच्या फोटोत खाली एक दगड असतो, ज्याचा कशाशीच संबंध नाही. परत थंबनेल बघा. सगळे फोटो उभं राहून, डोळ्याच्या उंचीवरून, अल्ट्रावाइडने? मग तो भव्य कडा फोटोत नखाएवढा का आला ते कळेल. अल्ट्रावाइड लेन्स लांबच्या गोष्टी बारीक करते आणि पायाजवळची वाळू मोठी करते. समोरचा डोंगर हवा असेल तर वाइड सोडा, २एक्स किंवा ३एक्सची खरी लेन्स असेल तर ती वापरा, बोटांनी ताणलेला झूम नको. लाट हवी असेल तर गुडघ्यावर बसा, कॅमेरा खाली गेला की लाट क्षितिजाच्या वर डोकं काढते आणि एकदम मोठी वाटते. मात्र समुद्राकडे पाठ करून किंवा व्ह्यूफाइंडरमध्ये हरवून ओल्या खडकावर बसू नका, आधी थोडा वेळ नुसतं उभं राहून सगळ्यात मोठी लाट कुठवर येते ते बघा. आणि माणूस घेत असाल तर क्षितिजाची रेघ त्याच्या गळ्यातून जाणार नाही एवढं बघा, थोडं खाली-वर झालं की सुटतं.

कधीकधी तर फोटो ठीक असतो आणि पाठवताना बिघडतो. तुमच्याकडे छान दिसतो, समोरच्याकडे मळकट. मेसेजिंग ॲप फोटो दाबून छोटा करतं, सूर्यास्ताच्या आकाशात पट्टे पडतात, पाण्याचा पोत जातो. डॉक्युमेंट किंवा फाइल म्हणून पाठवा. रंगच बदलत असतील तर एक्स्पोर्ट करताना कलर स्पेस (रंग नोंदवायची पद्धत) एसआरजीबी आहे का बघा, ॲडोबी आरजीबी मध्ये राहिला असेल तर बऱ्याच ठिकाणी फिका दिसतो. आणि सगळेच फोटो लोकांना काळोखे वाटत असतील तर तुम्ही स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण वर करून एडिट करताय, अर्ध्यावर आणून परत बघा.

मत मागतानाही जरा तयारीने मागा. "कसा आलाय?" विचारलं की "मस्त!" एवढंच येणार. काय दाखवायचं होतं ते एका ओळीत सांगा, शटर स्पीड, ॲपर्चर, आयएसओ (उजेडाला संवेदनशीलतेचं सेटिंग) सांगा कारण दाबलेल्या फोटोतून ही माहिती बऱ्याचदा गळून जाते, एडिटच्या आधीचा फोटो जोडा, आणि त्याच जागचे नाकारलेले दोनतीनही द्या. मत देणाऱ्यानेही क्षितिज वाकडं म्हणून सुटू नये, ते पंधरा सेकंदांत सरळ होतं, नाकारलेल्यांपैकी एखादा जास्त बरा आहे का ते बघावं, बऱ्याचदा असतो. पूर्ण फाइल कुणा अनोळखी माणसाला पाठवत असाल तर तेवढं लोकेशन काढून टाका, फोनच्या फोटोत ते चिकटलेलं असतं आणि किनाऱ्याच्या फोटोबरोबर तुम्ही उतरलेल्या खोलीच्या बाल्कनीतला फोटोही त्यात गेलेला असतो.